लग्नचौकातून रस्त्याच्या चौकात

आजचा विषय भिंतींचा आहे. उड्डाणपुलाखाली, रेल्वे स्टेशनवर, शाळेच्या कुंपणावर, सरकारी कचेऱ्यांच्या आवारात वारली पद्धतीची चित्रं आता इतकी दिसतात, की आपल्याला त्यांची सवय होऊन गेली आहे. गेरूचा तांबडा रंग, त्यावर पांढऱ्या त्रिकोणांची माणसं, मधे तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती वेटोळं घालून नाचणारी रांग. कुठे कुठे त्याच्या शेजारीच 'येथे थुंकू नये' असंही लिहिलेलं असतं. ही चित्रं काढून घेणाऱ्यांना विचारलं, की बाबा, हे कशासाठी, तर उत्तर बहुधा ठरलेलं असतं: आदिवासी संस्कृतीचा सन्मान म्हणून. आज आपण या एका शब्दाचा विचार करू. भिंतीवर चित्र काढल्यानं एखाद्या समाजाच्या परंपरेचा सन्मान होतो का? होत असेल तर कधी होतो? आणि होत नसेल, तर तिथं नेमकं काय होतं?

आधी ज्यांची ही चित्रं, ती माणसं कोण ते पाहू. वारली समाज मुख्यतः पालघर जिल्ह्यात राहतो. डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार, मोखाडा हे त्याचे तालुके. त्याखेरीज ठाणे आणि नाशिक जिल्ह्यांत, दक्षिण गुजरातेत, दादरा-नगर हवेलीतही वारली वस्ती आहे. आणि मुंबईत आहे, हे मुद्दाम सांगायला हवं. गोरेगावच्या आरे परिसरात, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात वारल्यांचे पाडे आहेत. म्हणजे मुंबईच्या भिंतीवर वारली चित्र काढलं जातं, तेव्हा ते 'दूरच्या' कुणाचं चित्र नसतं. शेजाऱ्याचं असतं.

आता मूळ चित्र. आपण ज्याला सरसकट 'वारली पेंटिंग' म्हणतो, त्याचा गाभा म्हणजे लग्नचौक. लग्नघरात आतल्या भिंतीवर तो लिहितात. 'लिहितात' हा शब्दही ध्यानात ठेवा. चौक काढत नाहीत, लिहितात. भिंत आधी शेणानं सारवायची, गेरू द्यायचा. तांदूळ वाटून त्याचं पाणी घालून पांढरा रंग करायचा. बांबूची काडी टोकाला चावून मऊ केली, की झाली कुंचली. चौक लिहिण्याचा मान सुवासिनींचा. चौकोनाच्या काठानं नक्षीच्या पट्ट्या, आत पालघट देवी, जी वनस्पतीची आणि सुफलतेची देवता आहे. तिच्या आजूबाजूला सूर्य, चंद्र, फणी, शिडी. शेजारी छोट्या देवचौकात पाचशिऱ्या देव. चौकाच्या बाहेर झाडं, जनावरं, शेतात राबणारी माणसं, नाच. आणि हे सगळं होत असताना धवलेरी गाणी म्हणते. धवलेरी ही वारल्यांचं लग्न लावणारी बाई. ती गाते तेव्हा देव-देवता लग्नाला येतात, अशी श्रद्धा आहे. चौक नसेल तर लग्न लागत नाही.

इथं आपल्या घरातलं एक उदाहरण घेऊ. पेणच्या कारखान्यात गणपतीच्या शेकडो मूर्ती मांडलेल्या असतात. त्यांना कुणी हात जोडत नाही. रंगारी त्यांच्यामधून चहाचा कप घेऊन फिरत असतो. तीच मूर्ती घरी आणून प्राणप्रतिष्ठा केली, की तिच्याकडे पाठ करून बसायलाही आपण कचरतो. विसर्जनानंतर पुन्हा माती. मूर्तीत काही बदललं का? डोळ्यांना दिसेल असं काही नाही. बदललं ते मूर्तीचं आणि माणसांचं नातं. चौकाचंही असंच आहे. तो धवलेरीच्या गाण्यानं जागा होतो, लग्नापुरता जागा राहतो, आणि लग्न झालं की भिंतीवर हळूहळू पुसट होत जातो. त्याला जपून ठेवायचं, चौकटीत बसवायचं, असं मुळात कुणाच्या मनात नव्हतं. पुढच्या लग्नाला नवा चौक.

मग हा चौक कागदावर कसा आला? 1966-67 च्या बिहारच्या दुष्काळात मिथिलेतल्या बायकांना चार पैसे मिळावेत म्हणून पुपुल जयकर यांनी भास्कर कुलकर्णी या चित्रकाराला तिकडे पाठवलं होतं. भिंतीवरची मधुबनी चित्रं कागदावर आणण्याच्या कामात या मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. तेच कुलकर्णी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला डहाणूच्या वारली पाड्यांवर पोचले. तिथे गंजाडला त्यांना जिव्या सोमा म्हसे भेटले. चौक लिहिणं हे बायकांचं काम. जिव्या पुरुष असून चित्रं काढत होते, आणि लग्न नसतानाही काढत होते. त्यांची चित्रं आधी मुंबईच्या कलादालनात गेली आणि मग जगभर. 1989 साली पॅरिसच्या पोम्पिदू केंद्रात भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात ती होती. 2011 मध्ये जिव्यांना पद्मश्री मिळाली. 2018 मध्ये ते गेले.

वाल्टर बेन्यामिन या जर्मन विचारवंतानं 1930 च्या दशकात कलेच्या दोन मूल्यांमध्ये फरक केला होता. एक उपासनेचं मूल्य, दुसरं प्रदर्शनाचं मूल्य. देवघरातल्या वस्तूला ती कुणी पाहिली नाही तरी मोल असतं. ती 'असणं' पुरेसं असतं. प्रदर्शनातल्या वस्तूचं मोल ती पाहिली जाण्यात असतं. चौक अंधाऱ्या घरातून कलादालनात आला, तेव्हा तो पहिल्या मूल्याकडून दुसऱ्याकडे गेला, असं म्हणता येईल. पण लगेच गळा काढून 'परंपरा बाटली' असं म्हणण्याचं कारण नाही. कागदावर येताना काही गमावलं, तसं काही मिळालंही. जिव्यांच्या चित्रांतलं मासे धरायचं भलंमोठं जाळं पाहा. हजारो बारीक रेघांनी विणलेलं ते जाळं लग्नचौकात कधीच नव्हतं. ते एका माणसाच्या नजरेतून आलं, आणि त्याखाली त्या माणसाचं नाव आहे. घरात पैसा आला, पाड्यातली पुढची पिढी चित्रकार झाली. कागदानं वारली चित्राला नाव दिलं.

आता तिसरा टप्पा, सार्वजनिक भिंतीचा, आणि आपला प्रश्न इथंच सुरू होतो. कारण भिंतीवर येताना ते नाव पुन्हा गळून पडलं. कलादालनात चित्र कुणी काढलं हा पहिला प्रश्न असतो. उड्डाणपुलाखाली तो प्रश्नच उरत नाही. सुशोभीकरणाचं काम निघतं, ठेकेदार येतो, रोजंदारीवर रंगारी आणतो किंवा महाविद्यालयातली उत्साही मुलं शनिवार-रविवार येऊन भिंत रंगवतात. नमुना मोबाइलवर असतोच. मुलांच्या हेतूबद्दल आम्हाला शंका नाही. पण या सगळ्या व्यवहारात वारली माणूस कुठे आहे, असं विचारलं, तर उत्तर असतं: भिंतीवर. फक्त भिंतीवर.

आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारी माणसं दोन जवळच्या शब्दांमध्ये फट शोधत बसतो, आणि त्याबद्दल लोक आम्हाला हसतात. पण इथं ती फट उपयोगी आहे. 'आवड' आणि 'आदर' हे दोन शब्द घ्या. मला एखादी गोष्ट आवडते, तेव्हा केंद्रस्थानी मी असतो. ती मला हवी तशी, हवी तिथं, हवी तेवढी मी वापरतो. आवड संपली की सोडून देतो. यात पाप काही नाही. आदराचं मात्र तसं नसतं. मी कुणाचा आदर करतो, म्हणजे त्याचा 'नाही' म्हणण्याचा अधिकार मान्य करतो. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका, तो स्वतःच एक साध्य आहे, असं कांट सांगतो, त्याचा रोजच्या भाषेतला अर्थ हाच आहे. ज्याला 'नाही' म्हणायची सोयच ठेवलेली नाही, त्याचा आपण आदर करतो आहोत असं म्हणणं पोकळ आहे. पालघट देवी फुटपाथशेजारच्या भिंतीवर काढावी का, हे कुणी कुणाला विचारलं? कदाचित एखाद्या पाड्यानं आनंदानं हो म्हटलं असतं. कदाचित म्हटलं असतं, नाच काढा, शेती काढा, देवी नको. आपल्या आवडीनं या प्रश्नाची गरजच संपवून टाकली.

मराठी लग्नातला 'मान' हा शब्द तर याहून नेमका आहे. मामाचा मान, करवलीचा मान, विहिणीचा मान. मान हा नेहमी हजर असलेल्या, नावानं बोलावलेल्या माणसाला असतो. मामाला आमंत्रण न देता त्याचा फोटो मांडवात लावला आणि म्हटलं, 'बघा, मामाचा केवढा मान ठेवला', तर मामा काय म्हणेल? वारल्यांच्या लग्नात मान धवलेरीचा आणि चौक लिहिणाऱ्या सुवासिनींचा असतो. आपण त्यांचा चौक आणला आणि त्यांना बोलवायचं राहूनच गेलं.

याच लग्नाशी वारल्यांच्या इतिहासातलं एक काळं पान जोडलेलं आहे. ते भिंतीवर कधी दिसत नाही, म्हणून इथं सांगतो. स्वातंत्र्यापूर्वी या भागात 'लग्नगडी' नावाची पद्धत होती. लग्नासाठी वारली तरुण जमीनदाराकडून कर्ज काढायचा. ते कर्ज फेडायला तो स्वतःला त्याच्याकडे गडी म्हणून बांधून घ्यायचा, आणि ते कर्ज काही फिटायचं नाही. त्याची बायकोही त्याच्याबरोबर राबायची, आणि पुढं मुलंही. ज्या चौकापुढं लग्न लागायचं, त्याच लग्नानं माणूस गुलाम व्हायचा. 1945 साली गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेनं वेठ आणि लग्नगडी यांविरुद्ध लढा उभारला. त्या वर्षी मे महिन्यात झरी गावी हजारो आदिवासी जमले. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच जण मारले गेले. गोदूताईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' आपल्यापैकी अनेकांनी वाचलेलं असेल. त्याला 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लग्नगडी माणसं आपल्या श्रमावर हक्क सांगू लागली, ही महाराष्ट्राच्या इतिहासातली साधी घटना नव्हे. आमच्या पाहण्यात तारप्याच्या नाचाच्या भिंती पुष्कळ आल्या. तलवाड्याची एकही नाही.

दुसरं उदाहरण वर्तमानातलं. भिंतीवरच्या वारली चित्रांमध्ये डोक्यावर हंडे घेऊन ओळीनं चाललेल्या बायका हटकून असतात. रांग सुंदर दिसते, लय असते तिच्यात. आता मुंबईचं पाणी कुठून येतं ते आठवा. तानसा, वैतरणा, भातसा. ही धरणं ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांच्या डोंगराळ, आदिवासी पट्ट्यात आहेत. तानसाचं पाणी मुंबईला मिळू लागलं ते 1892 पासून. आणि त्याच पट्ट्यातल्या शहापूर, मोखाडा तालुक्यांतल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, बायकांना विहिरीच्या तळातलं पाणी वाटीनं भरावं लागतं, या बातम्या आपण दर एप्रिल-मे महिन्यात वाचतो. म्हणजे जी रांग आपल्याला भिंतीवर नक्षी म्हणून दिसते, ती तिकडे अजून चालते आहे, आणि ती चालते आहे याचा आपल्या नळाशी संबंध आहे. चित्र काढू नका, असं आम्ही म्हणत नाही. पण ज्याच्या वाट्याचं पाणी आपण पितो, त्याच्या तहानेची नक्षी करताना निदान आपल्याला ते ठाऊक असावं.

यातून आणखी एक गोष्ट निघते. भिंतीवरचा वारली माणूस काळाच्या बाहेर असतो. तो कायम नाचतो, कायम भात लावतो. तो शाळेत जात नाही, मोर्चात जात नाही, लोकल पकडत नाही. उलट आजच्या वारली चित्रकारांची स्वतःची चित्रं पाहा. त्यांत आगगाडी आहे, विमान आहे, उंच इमारती आहेत, मोबाइल आहे. ज्यांची परंपरा, त्यांनी तिला चालतं ठेवलं आहे. आपण मात्र तिला थांबवून तिचं कौतुक करतो. एखाद्या समाजाला 'प्राचीन' म्हणणं हे कौतुकासारखं वाटतं खरं, पण त्यात एक गोम असते: प्राचीन माणसाला आजचे हक्क मागता येत नाहीत. वनहक्क कायदा 2006 चा आहे. त्याखाली दावा करणारा माणूस आजचा आहे.

इथं कुणीतरी आक्षेप घेईल, आणि तो घ्यायलाच हवा. आक्षेप असा, की संस्कृती ही कुणाच्या बापाची मालमत्ता नसते. आपण इडली खातो, पंजाबी पोशाख घालतो, गझल ऐकतो. मग वारली चित्र फक्त वारल्यांनीच काढायचं का? नाही. कलेनं प्रवास करावाच. पण आपल्याकडे प्रवासाची एक जुनी रीत आहे. अभंग गावोगावी गेले, दिंडीत गेले, शास्त्रीय मैफलीत गेले, सिनेमात गेले. ते कुठेही गेले तरी शेवटच्या चरणात नाममुद्रा घेऊन गेले. नामदेव, जनाबाई, चोखोबा, तुकोबा, प्रत्येकाचं नाव गाणाऱ्याच्या तोंडून उच्चारलं जातं. आज साडेतीनशेहून अधिक वर्षं झाली, तुकोबांचा अभंग सगळ्यांचा झाला, आणि तरीही तो तुकोबांचाच राहिला. सगळ्यांचं होणं आणि कुणाचंच नसणं यांत हा फरक आहे.

चौकाला एका व्यक्तीची नाममुद्रा नव्हती, हे खरं. म्हणूनच आपला कायदा इथं अडखळतो. 1957 चा कॉपीराइट कायदा ओळखतो तो कर्ता. त्याच्या हयातीनंतर 60 वर्षांपर्यंत त्याचा हक्क चालतो. ज्याचा कर्ता अख्खा समाज आहे, आणि जे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे, त्याला हा कायदा कुठे बसवणार? वारली चित्राला भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळालेली आहे, पण तिचा भर बाजारातल्या मालाच्या नावावर असतो. त्रिकोणाचा माणूस कुणीही काढू शकतो. संयुक्त राष्ट्रांनी 2007 मध्ये आदिवासी लोकांच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला, भारतानंही त्याच्या बाजूनं मत दिलं. त्याचं 31 वं कलम सांगतं, की आपला सांस्कृतिक वारसा राखण्याचा, त्यावर नियंत्रण ठेवण्याचा हक्क त्या त्या लोकांचा आहे. पण जाहीरनाम्यावरून ठेकेदाराला नोटीस काढता येत नाही. त्यामुळे कायदा जिथं संपतो तिथं आपली रीतभात सुरू व्हायला हवी. व्यक्तीचं नाव नसेल तर पाड्याचं नाव लिहा. तीही नाममुद्राच.

हे जमतं का? जमतं. शेजारच्या मध्य प्रदेशात पाहा. पाटणगढचे जनगढसिंह श्याम हे परधान गोंड. परधान म्हणजे गोंडांच्या कुळकथा गाणारे लोक. 1980 च्या दशकाच्या आरंभी ते भोपाळच्या भारत भवनात आले. पुढं चार्ल्स कोरिआंनी भोपाळचं विधानभवन बांधलं, तेव्हा तिथली भित्तिचित्रं जनगढांनी काढली. राज्याचे कायदे जिथं होतात त्या वास्तूवर एका आदिवासी चित्रकाराचं, त्याच्या नावानं ओळखलं जाणारं काम आहे. पण हीच गोष्ट पुढं नेली तर ती दुःखाची होते. 2001 मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयात काम करत असताना, घरापासून इतक्या दूर, जनगढांनी आपलं आयुष्य संपवलं. तेव्हा ते चाळिशीतही पोचले नव्हते. भिंतीवर नाव लागलं म्हणजे माणसाची काळजी घेतली गेली असं होत नाही, हेही त्यांच्याच गोष्टीतून शिकायचं.

तर मग करायचं काय? आमचं म्हणणं असं, की अशी भिंत रंगवायला घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. पहिला, कोण काढणार? वारली चित्रकार डहाणूत आहेत, आरेत आहेत, आणि कुठल्याही चित्रकाराला जो मोबदला द्यावा लागतो तो त्यांनाही द्यावा लागतो. विद्यार्थ्यांना रंगवायचंच असेल तर त्यांच्या हाताखाली रंगवावं; त्यात विद्यार्थ्यांचाच फायदा आहे. दुसरा, काय काढायचं हे कोण ठरवणार? चौक लिहायचा की नाही, तारपा काढायचा की तलवाडा, की मेट्रोच्या डब्यातली आजची पोरं, हे ज्यांचं चित्र त्यांनी ठरवावं, आणि आपल्याला न आवडणारं काही निघालं तर ते भिंतीवर राहू द्यावं. तिसरा, भिंतीखाली काय लिहायचं? नाव, पाडा, तालुका, आणि चित्रात काय आहे ते दोन ओळींत. 'आदिवासी कला' एवढंच लिहिणं म्हणजे पत्रावर 'माणूस' एवढाच पत्ता लिहिण्यासारखं आहे.

शेवटी रंगाबद्दल एक गोष्ट. नगरपालिका अशा भिंतीसाठी टिकाऊ रंग मागतात, पाच-दहा पावसाळे टिकेल असा. चौकाचा रंग तांदळाचा, तो टिकावा अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. टिकायचं ते चौक लिहिणाऱ्या हातांनी आणि गाणाऱ्या गळ्यानं, भिंतीवरच्या रंगानं नव्हे. आपण उलट केलं आहे; रंग टिकवतो आणि हातांची चौकशी करत नाही. एखाद्या शहरानं ठरवलं, की ही एक भिंत दर वर्षी पांढरी-तांबडी करायची, आणि 9 ऑगस्टला, आदिवासी दिनाला, दर वर्षी वेगळ्या पाड्यावरच्या बायका-पुरुषांना सन्मानानं बोलवून ती नव्यानं लिहून घ्यायची, तर त्या भिंतीचा खर्च फार मोठा येणार नाही. पण दर वर्षी शहराला त्या पाड्यावर जावं लागेल. 'येता का' म्हणून विचारावं लागेल. एखाद्या वर्षी ते म्हणतील, 'यंदा आमच्याकडे पाणी नाही, आधी त्याचं बोला.' तेही ऐकून घ्यावं लागेल. आमच्या मते सन्मानाची सुरुवात त्या ऐकून घेण्यापासून होते.

आता थांबतो. तुमचे प्रश्न असतील, ते घेऊ.